चारला बोर्ड, दहाला उलट्या

मे महिन्यातला रविवार. रात्रीचे साडेदहा वाजले होते. मी नुकतीच जेवायला बसले होते, तेवढ्यात फोन वाजला. "डॉक्टर, आमच्या मुलाला सारख्या उलट्या होताहेत, पोटात काही ठरत नाहीये." त्यांना दवाखान्यात यायला सांगितलं आणि फोन ठेवला. पाच मिनिटांत दुसरा फोन आला. इमारत तीच, तक्रारही तीच. साडेअकरापर्यंत माझ्या छोट्याशा दवाखान्यात सात मुलं आणि दोन आया येऊन बसल्या होत्या. सगळे एकाच वाढदिवसाहून आलेले.

यजमानीणबाईही आल्या होत्या. मुलीला कडेवर घेऊन, रडवेल्या चेहऱ्याने म्हणाल्या, "डॉक्टर, बाहेरचं काहीच नव्हतं हो. सगळं घरचं होतं." आणि पुरावा म्हणून मोबाइल पुढे केला. फोटो खरंच सुंदर होता. 'मँगो थीम' होती. मोठ्या लाकडी पाटावर हापूसच्या फोडी, चांदण्यांच्या आकारात कापलेलं कलिंगड, पनीरचे चौकोन, मेयोनीज घातलेली छोटी सँडविचेस, चीज, द्राक्षं, खारे दाणे, पिवळ्या गोळ्या, मध्ये चक्क्याचं डिप आणि कडेने झेंडूची फुलं.

मी विचारलं, "हा बोर्ड मांडलात किती वाजता?"

"चारला. उजेड होता तोवर फोटो काढायचे होते ना."

"आणि मुलांनी खाल्लं कधी?"

"साडेसहाला केक कापला, मग खेळ झाले. सात ते आठ, असं येता-जाता खात होती."

गच्ची, मे महिना आणि चार तास. मला तरी आणखी काही विचारायची गरज उरली नाही. सगळी मुलं दोन दिवसांत बरी झाली. दोघांना सलाईन लावावं लागलं. पण त्या बाईंचं "सगळं घरचं होतं" हे वाक्य माझ्या डोक्यातून जात नाही. म्हणून हा लेख.

माझं भांडण कशाशी आहे

वाचकहो, आधीच सांगते, माझं भांडण पार्टीशी नाही. सुट्टीत मुलांनी एकत्र जमावं, खावं, दंगा करावा. आंबा वर्षातून दोन महिने मिळतो, त्याचा सोहळा झालाच पाहिजे. सुंदर मांडलेलं खाणं मलाही आवडतं.

माझं भांडण आहे ते 'आधी मांडा, मग फोटो काढा, मग ज्याला जसं हवं तसं त्याने घ्यावं' या पद्धतीशी. कोणी त्याला स्नॅक बोर्ड म्हणतं, कोणी ग्रेझिंग बोर्ड. 'ग्रेझिंग'चा अर्थ चरणं. नाव अगदी बरोबर आहे. माझ्या सासूबाईंनी असा पाट पहिल्यांदा पाहिला, तेव्हा "एवढा मोठा पोळपाट कशाला आणलाय?" एवढंच विचारलं होतं.

ही पद्धत जिथून आली तिथे बोर्डावर मुख्यतः मुरवलेलं चीज, खारवून वाळवलेलं मांस, लोणच्यातली ऑलिव्ह, सुकी बिस्किटं असे टिकाऊ पदार्थ असत. आपण त्याची मांडणी उचलली आणि त्यावर ओलं पनीर, कापलेलं कलिंगड आणि बटाट्याचं सारण ठेवलं, तेही ४० अंशांच्या उन्हाळ्यात.

आणखी एक गोष्ट या बोर्डाने केली, आणि तीच मला सगळ्यात खटकते. त्याने वाढणाऱ्या माणसाला हटवलं. आपल्याकडे पंगतीत वाढपी असतो. घरी आजी, आई, मावशी बशीत वाढून देतात. आपण त्याला आग्रह समजतो, पण ती राखणही असते. "हे सकाळचं आहे, नको", "थांब, हात धुवून ये", "अरे, त्याला दाणे नको देऊस, लहान आहे तो" अशी वाक्यं वाढणाराच बोलतो. बोर्डावर कुणी वाढत नाही, त्यामुळे ही वाक्यं बोलायलाही कुणी उरत नाही.

जंतूंचं घड्याळ

अन्नातले बहुतेक घातक जंतू ५ ते ६० अंश सेल्सिअस या तापमानात वाढतात. त्याखाली ते सुस्तावतात, त्यावर मरू लागतात. म्हणून जागतिक आरोग्य संघटनेचा साधा नियम आहे: शिजवलेलं अन्न सामान्य तापमानात दोन तासांपेक्षा जास्त ठेवू नका. हवा ३२ अंशांच्या वर असेल, तर अमेरिकेतल्या अन्नसुरक्षा यंत्रणा ही मुदत एकाच तासावर आणतात. आता तुमच्या गावातला मे महिना आठवा. पुण्यात पारा चाळिशीला टेकतो, विदर्भात पंचेचाळिशी ओलांडतो. आपल्यासाठी एक तासाचाच नियम लागू.

एक तास म्हणजे फारच कडक नाही का? हिशोब करू. अनुकूल परिस्थितीत काही जंतू साधारण २० मिनिटांत दुप्पट होतात. एकाचे दोन, दोनाचे चार. चार तासांत अशा बारा दुपटी होतात. म्हणजे चार वाजता पनीरच्या तुकड्यावर एक जंतू असेल, तर आठ वाजता ४,०९६. आणि सुरुवात एका जंतूने कधीच होत नाही.

हे जंतू येतात कुठून? बऱ्याचदा आपल्याच हातांतून. स्टॅफिलोकॉकस ऑरियस नावाचा जंतू तीन-चार निरोगी माणसांमागे एकाच्या नाकात सुखाने राहत असतो. नाक पुसलं, केसांतून हात फिरवला, बोटाला चिरा पडला होता, आणि त्याच हाताने शंभर सँडविचेस भरली, की तो सारणात पोचतो. ओलावा, प्रथिनं आणि ऊब मिळाली की तिथे वाढतो आणि एक विष तयार करतो. हे विष उकळूनही जात नाही. त्यामुळे 'उरलेलं रात्री गरम करून खाऊ' किंवा 'फ्रिजमध्ये ठेवलं की झालं' हा उपाय इथे चालत नाही. जंतू मेले तरी विष मागे राहतं. साधारण अर्धा ते आठ तासांत मळमळ आणि जोरदार उलट्या सुरू होतात. त्या रविवारी सात-आठला खाल्लेल्या मुलांना दहाला उलट्या सुरू झाल्या. घड्याळ अगदी जुळत होतं.

बोर्डावर हे सगळं जास्तच सोयीचं होतं. पदार्थ पातळ थरात पसरलेले असतात, म्हणून फ्रिजमधून काढलेला थंडावा काही मिनिटांत उडून जातो. सगळं एकमेकांना चिकटून असतं, म्हणजे कलिंगडाचं पाणी बिस्किटाखाली आणि डिपचा थेंब पनीरवर. वीस मुलं दहा-दहा वेळा हात घालतात, म्हणजे दोनशे वेळा हात लागले. त्यातले किती धुतलेले होते? आणि बोर्ड रिकामा दिसू लागला की आपण जुन्यावरच नवं ओततो. चारचं पनीर खाली, सातचं वर. मग कुठलं किती वेळ बाहेर होतं, हे तुम्हालाही सांगता येत नाही.

कलिंगडाबद्दल थोडं सांगते. अख्खं कलिंगड टोपलीत दिवसेंदिवस टिकतं, म्हणून कापलेलंही टिकेल असं आपल्याला वाटतं. पण ते आंबट नसतं. साल गेली की त्याच्या गोड, ओल्या गरावर जंतू मजेत वाढतात. आणि सालीवरची माती न धुता सुरी फिरवली, तर ती माती सुरीबरोबर थेट गरात जाते.

मेयोनीजबद्दलही. बाजारात मिळणारं बाटलीतलं मेयोनीज आंबट असतं आणि बंद बाटलीत ठीक असतं. बिघडतं ते उकडलेल्या बटाट्यात किंवा चिकनमध्ये कालवून उन्हात ठेवल्यावर. कच्चं अंडं फेटून केलेलं मेयोनीज मात्र मुलांच्या पार्टीत आणूच नका. त्यातून साल्मोनेला हा जंतू येऊ शकतो. केरळने जानेवारी २०२३ मध्ये, तेलंगणाने ऑक्टोबर २०२४ मध्ये आणि तामिळनाडूने एप्रिल २०२५ मध्ये कच्च्या अंड्याच्या मेयोनीजवर बंदी घातली, ती उगीच नाही.

"पण पूर्वी कुठे व्हायचं असं?"

हा प्रश्न मला हमखास येतो. "डॉक्टर, आमच्या लहानपणी फ्रिजच नव्हता. खाऊचे डबे महिनाभर फळीवर असायचे. कुणाला काही झालं नाही."

बरोबर आहे. पण त्या डब्यांत काय असायचं ते आठवा. चिवडा, शंकरपाळी, कडबोळी, चकली, दाण्याची चिक्की, कुरडया, पापड. सगळं कोरडं. जंतूंना वाढायला पाणी लागतं. तळून, भाजून, वाळवून आपल्या आज्यांनी ते पाणीच काढून घेतलं होतं. साखरेच्या पाकातला साखरांबा आणि मिठातलं लोणचं टिकतं, कारण साखर आणि मीठ पाणी धरून ठेवतात, जंतूंना मिळू देत नाहीत. कोरडा खाऊ आणि ओला खाऊ हा भेद प्रत्येक घरात पाळला जायचा. ओल्या नारळाची चटणी दुपारनंतर ताटात आलीच, तर आजी आधी तिचा वास घ्यायची. भिजवलेली डाळ आणि कैरीची वाटली डाळ चैत्रात करायची आणि लगेच संपवायची.

म्हणजे पूर्वी फ्रिज नव्हता हे खरं, पण नियम होता. आपण फ्रिज आणला आणि नियम विसरलो. बोर्डाने तर कोरडं आणि ओलं एकाच पाटावर आणून ठेवलं.

"आमच्याकडे कधीच काही झालं नाही"

दुसरा युक्तिवाद. यावर माझा प्रश्न असा की, तुम्हाला कळणार कसं?

पार्टीहून घरी गेल्यावर रात्री पोट बिघडलं तर पाहुणे यजमानांना फोन करत नाहीत. करणं बरं दिसत नाही. "ऊन लागलं असेल", "आंबा बाधला", "दृष्ट लागली" म्हणून विषय संपतो. बिचाऱ्या आंब्याच्या नावावर किती पाप जमा आहे!

शिवाय सगळे आजार त्याच रात्री होत नाहीत. साल्मोनेलाचे जुलाब सहा तासांपासून तीन दिवसांपर्यंत कधीही सुरू होतात. टायफॉइडचा ताप बहुधा एक ते तीन आठवड्यांनी येतो. दूषित हातांतून पसरणारी हिपॅटायटिस ए ही कावीळ दोन ते सात आठवड्यांनी उमटते. जूनमध्ये शाळा सुरू होऊन वह्यांना कव्हरं घालून झाली, आणि मुलाचे डोळे पिवळे दिसले. अशा वेळी मे महिन्यातल्या बोर्डावरच्या फोडी कुणाला आठवणार? म्हणून 'कधीच काही झालं नाही' याचा खरा अर्थ बऱ्याचदा 'कधीच काही कानावर आलं नाही' एवढाच असतो.

आणि "वास तर छान येत होता" हाही पुरावा नाही. अन्न आंबवणारे, नासवणारे जंतू वेगळे आणि आजारी पाडणारे वेगळे. दुसऱ्या प्रकारचे वास, रंग, चव यांपैकी काहीही न बदलता काम करतात.

लहान मुलाचा गळा

उलट्या-जुलाब बहुतेक वेळा बरे होतात. आता सांगते त्या गोष्टीत मात्र वेळ मिनिटांचा असतो.

बोर्ड ठेवतात कुठे? फोटो छान यावा आणि मुलांचा हात पोचावा म्हणून बुटक्या टेबलावर. तिथे आठ वर्षांच्या मुलांचा हात पोचतो, तसा त्यांच्या दीड वर्षाच्या भावंडांचाही पोचतो. आणि त्यावर असतं काय? अख्खी द्राक्षं, खारे दाणे, फुटाणे, पॉपकॉर्न, चीजचे चौकोन, गाजराचे गोल काप, जेलीच्या गोळ्या, आणि टोचलेल्या टूथपिक. लहान मुलाच्या श्वासनलिकेत अडकणाऱ्या वस्तूंची यादी करायला सांगितली, तर मी हीच लिहून देईन.

चार-पाच वर्षांखालच्या मुलांच्या दाढा पूर्ण आलेल्या नसतात किंवा त्यांना नीट चावता येत नाही. श्वासनलिका अरुंद असते. त्यात पार्टीत मूल तोंडात घास ठेवून धावतं, हसतं, किंचाळतं. हसताना श्वास आत ओढला जातो आणि त्याबरोबर दाणाही. आपल्या देशात लहान मुलांच्या श्वासमार्गातून काढाव्या लागणाऱ्या वस्तूंमध्ये शेंगदाणा कायम वरच्या क्रमांकावर असतो. अख्खं द्राक्ष तर लहान मुलाच्या घशात बुचासारखं घट्ट बसतं.

हा धोका टाळणं सोपं आहे. पाच वर्षांखालच्या मुलाला अख्खे दाणे, फुटाणे, पॉपकॉर्न, कडक गोळ्या देऊ नका. द्राक्ष उभं चिरून चार तुकडे करा. आडवं चिरलं तर गोल तबकड्या होतात, त्या अडकतात. मूल बसून खाईल, धावत नाही, हा नियम करा.

तरी घास अडकलाच तर:

- मूल खोकत असेल, रडत असेल, आवाज निघत असेल, तर त्याला खोकू द्या. खोकला हाच सगळ्यात चांगला उपाय आहे.
- आवाजच निघत नसेल, ओठ निळे पडत असतील, तर लगेच मदतीला हाक मारा, एकाला १०८ ला फोन करायला सांगा आणि स्वतः सुरुवात करा.
- एक वर्षाखालचं बाळ हातावर पालथं घ्या, डोकं खाली. दोन खांद्यांच्या मध्ये तळहाताने पाच थापा मारा. मग उताणं करून छातीच्या मध्यावर दोन बोटांनी पाच वेळा दाब द्या. आळीपाळीने करत राहा.
- एक वर्षावरच्या मुलाला पुढे वाकवून पाठीवर पाच थापा मारा. मग मागून मिठी घालून, बेंबीच्या वर मूठ ठेवून आत आणि वरच्या दिशेला पाच झटके द्या.
- दिसत नसलेली वस्तू बोट घालून काढायला जाऊ नका. ती आणखी खाली जाते.
- मूल बेशुद्ध पडलं तर जमिनीवर निजवून सीपीआर सुरू करा.

आणखी एक. ठसका लागला, मूल काळंनिळं झालं, मग आपोआप बरं वाटलं, असं झालं तरी दवाखान्यात दाखवा. दाणा घशातून खाली फुप्फुसाच्या नळीत जाऊन बसलेला असू शकतो. शेंगदाणा साध्या एक्सरेत दिसत नाही. त्याने नळीला सूज येते आणि मग महिनाभर 'जात नसलेला खोकला' किंवा 'बालदमा' म्हणून औषधं चालू राहतात. "डॉक्टर, त्या पार्टीत त्याला दाण्याचा ठसका लागला होता" हे तुमचं एक वाक्य निदान बदलू शकतं.

'थीम'साठी काय काय

थीम म्हटली की रंग आला, फुलं आली, हल्ली धूरही आला. तिन्हींबद्दल थोडक्यात.

रंग: आपल्याकडे खाद्यपदार्थांत मोजकेच कृत्रिम रंग, मोजक्याच प्रमाणात चालतात. पण सुट्या पुडीत मिळणारा भडक गुलाबी किंवा पिवळा रंग त्यातलाच आहे, याची खात्री कुणी देत नाही. रोडामाइन-बी हा कापड रंगवायचा गुलाबी रंग कॉटन कँडीत, म्हणजे आपल्या 'बुढ्ढी के बाल'मध्ये सापडल्यावर तामिळनाडूने फेब्रुवारी २०२४ मध्ये त्यावर बंदी घातली. कर्नाटकाने पुढच्याच महिन्यात रंगीत कॉटन कँडीवर तसाच निर्णय घेतला. मे महिन्यात पिवळा रंग हवा असेल तर आंबा आहे. लाल हवा असेल तर कोकम आणि कलिंगड आहे, हिरव्यासाठी पुदिना आणि कैरी. निसर्गाने एवढी थीम करून ठेवली असताना पुडी कशाला?

फुलं: हारवाल्याकडची फुलं पूजेसाठी असतात, त्यांवर कीटकनाशक मारलेलं असू शकतं. ती अन्नाला लागू नयेत. आणि अंगणातली कण्हेर, गुलाबी असो की पिवळी, पाटाच्या आसपासही नको. तिचं पान, फूल, बी सगळंच हृदयाला विषारी असतं. केरळमध्ये २०२४ साली कण्हेरीचं पान चघळल्याने एका तरुणीचा मृत्यू झाल्याची शंका आली. त्यानंतर तिथल्या देवस्वम मंडळांनी देवळातल्या नैवेद्य-प्रसादात कण्हेरीची फुलं वापरणं थांबवलं. देवाच्या नैवेद्यातून जे काढलं, ते मुलांच्या खाऊत कशाला?

धूर: कोरडा बर्फ म्हणजे गोठवलेला कार्बन डायऑक्साइड. त्याचं तापमान उणे ७८ अंश असतं. तोंडात गेला तर भाजल्यासारख्या जखमा होतात. मार्च २०२४ मध्ये गुरुग्रामच्या एका उपाहारगृहात जेवणानंतर मुखशुद्धी म्हणून तो दिला गेला आणि खाणाऱ्यांच्या तोंडातून रक्त आलं. मुलांच्या पार्टीत त्याला अजिबात जागा नाही.

करायचाच असेल तर असा करा

मी केवळ 'नको' सांगून थांबणार नाही. मागच्या मे महिन्यात आमच्याकडे भाचवंडं जमली होती, तेव्हा आम्हीही आंब्याचा बोर्ड केला. तो असा.

मोठ्या पाटावर फक्त कोरडं ठेवलं: चकली, शंकरपाळी, पोह्याचा चिवडा (दाणे न घालता), आंबापोळीच्या वळकट्या, खाकरा, फणसाचे तळलेले गरे. हे दिवसभर राहिलं तरी बिघडत नाही. फोटो याचाच काढला, आणि तो छान आला.

फळं मुलं खायला बसल्यावरच कापली. आंबे, कलिंगड आधी अख्खे धुतले. हात साबणाने धुतले, सुरी आणि पाट स्वच्छ आणि कोरडे. आदल्या रात्री चिकन कापलेला पाट फळांना वापरला नाही.

ओले पदार्थ, म्हणजे चक्क्याचं डिप, पनीर, आम्रखंड, लहान लहान वाट्यांत घालून फ्रिजमध्ये ठेवले. एका वेळी एकच वाटी बाहेर आली, बर्फ भरलेल्या ताटलीत बसून. ती संपली किंवा अर्धा-पाऊण तास झाला, की ती उचलायची आणि दुसरी आणायची. जुन्यात नवं ओतायचं नाही. बर्फ घरच्या पिण्याच्या पाण्याचा. बाजारातला लादीचा बर्फ बऱ्याचदा खाण्याचा नसतो. अखाद्य बर्फात निळा रंग घालावा, असा नियम महाराष्ट्रात २०१८ पासून आहे. निळसर बर्फ दिसला तर तो सरबतात नको आणि वाटीखालीही नको.

बाहेरचा वेळ बेरीज होत जातो, हे लक्षात ठेवा. अर्धा तास बाहेर, मग फ्रिजमध्ये, मग पुन्हा अर्धा तास बाहेर, म्हणजे एक तास झाला. पुन्हा शून्यापासून मोजणी होत नाही. तासाभरानंतर उरलेलं ओलं टाकून द्या. अन्न टाकताना आपला जीव तुटतो, मला माहीत आहे. म्हणून आधी थोडंच करा.

दाणे आणि सुकामेवा वेगळ्या वाटीत, उंचावर. पाहुण्यांपैकी कुणाच्या मुलाला दाण्याची किंवा दुधाची अॅलर्जी आहे का, हे बोलावतानाच विचारा. एका वर्षाखालच्या बाळाला मधाचं बोटही नको, त्यातून बॉट्युलिझम हा दुर्मिळ पण गंभीर आजार होऊ शकतो.

आणि सगळ्यात महत्त्वाचं, एक वाढणारा माणूस. आमच्याकडे ते काम माझ्या सासूबाईंनी केलं. खुर्ची टाकून पाटाशेजारी बसल्या. चमचा त्यांच्या हातात. "हात दाखव आधी" म्हटल्याशिवाय एकालाही बशी मिळाली नाही.

झालंच तर

उलट्या-जुलाब सुरू झाले तर पहिलं औषध म्हणजे ओआरएस. पाकीट नसेल तर एक लिटर स्वच्छ पाण्यात सहा सपाट चहाचे चमचे साखर आणि अर्धा चहाचा चमचा मीठ. प्रमाण चुकवू नका. उलटी झाली तर दहा मिनिटं थांबा आणि मग चमच्या-चमच्याने द्या. तान्ह्या बाळाचं अंगावरचं दूध बंद करू नका. जुलाब थांबवायची गोळी मुलांना मनाने देऊ नका, उरलेलं अँटिबायोटिकही नको.

सहा-आठ तास लघवी झाली नाही, डोळे खोल गेले, मूल मलूल पडलं, पाणीही पोटात ठरत नाही, शौचातून रक्त किंवा खूप ताप, यांपैकी काहीही असेल तर सकाळची वाट पाहू नका. बाळ, गरोदर स्त्री, मधुमेही किंवा वृद्ध असेल तर आणखी लवकर या. येताना काय खाल्लं, किती वाजता खाल्लं आणि आणखी कुणाला त्रास होतोय, हे सांगा.

आणि यजमान असाल, तर कळल्याबरोबर बाकीच्या पाहुण्यांना फोन करा. यात कमीपणा काहीही नाही. त्या रविवारी त्या बाईंनी माझ्या दवाखान्यात बसूनच उरलेल्या अकरा घरी फोन लावले. पहिल्या दोन फोनना त्यांचा आवाज कापत होता. त्या फोनमुळे दोन घरांतली उरलेली सँडविचेस, जी सकाळच्या डब्यासाठी फ्रिजमध्ये ठेवली होती, कचऱ्यात गेली. 'सगळं घरचं होतं' म्हणणाऱ्या त्या बाईंनी त्या रात्री खऱ्या अर्थाने पाहुण्यांची काळजी घेतली.

या सुट्टीत तुम्हीही बोर्ड करा. ओलं थोडं ठेवा, द्राक्षं उभी चिरा, घड्याळ समोर ठेवा. आणि पाटाशेजारी एक खुर्ची मांडा. त्या खुर्चीवर कोण बसणार, हे पाहुण्यांना बोलावण्याआधी ठरवा.